विश्रांतीच्या सल्ल्याची उलटतपासणी

घरातील माणूस मोठ्या दुखण्यातून उठला म्हणजे त्याला पहिला प्रेमळ हुकूम सुटतो तो 'आता पडून राहा' हा. दुखणे कर्करोगाचे असेल तर हा हुकूम महिनोगणती चालतो. हातातील पाण्याची कळशी काढून घेतली जाते, जिन्यावर कोणीतरी दंड धरते आणि बाजारात निघालेल्या बाईला 'कशाला उगाच दगदग?' म्हणून परत बसविले जाते. या मायेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु हा सल्ला आला कोठून आणि तो कोणी व कसा तपासून पाहिला, याचा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे. कारण त्यात कित्येकांच्या आयुष्याच्या वर्षांचा प्रश्न गुंतलेला आहे.

लंडनचे शल्यवैद्य जॉन हिल्टन यांची विश्रांती आणि वेदना या विषयावरील व्याख्याने १८६३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दुखावलेल्या अवयवाला स्वस्थता दिली की निसर्ग आपले काम करतो, हे त्यांचे प्रतिपादन योग्यच होते. मात्र पुढे अवयवाच्या विश्रांतीची माणसाची विश्रांती झाली, आणि आठवड्यांची मर्यादा कोणी घातलीच नाही.

कर्करोगाच्या बाबतीत या सल्ल्याला भीतीची जोड मिळाली. बाल्टिमोरचे विल्यम हॉलस्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगावरील आपल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत १८९४ साली प्रसिद्ध केला. तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथीही काढून टाकीत. या ग्रंथी म्हणजे शरीरातील पाझर वाहून नेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांवरील ठाणी. ती नाहीशी झाली की पाझर हातात साचून हात सुजू शकतो, आणि ही सूज सहसा पुरती जात नाही. तेव्हा 'त्या हाताने जड काही उचलू नये' असा दंडक पडला. तो तर्काला धरून होता. परंतु कित्येक दशके तो कोणी कसोटीवर घासून पाहिला नाही.

या दंडकाविरुद्ध पहिली हालचाल रुग्णांतूनच झाली. न्यूयॉर्कच्या टेरीज लॅसर या बाईंवर १९५२ साली अशीच शस्त्रक्रिया झाली. बऱ्या झाल्यावर त्या इतर बायकांच्या खाटेशी जाऊन बसू लागल्या. रबरी चेंडू कसा दाबावा, बोटांनी भिंत कशी चढावी, हात पुन्हा डोक्यापर्यंत कसा न्यावा, हे त्या स्वतः करून दाखवीत. काही शल्यवैद्यांना ही लुडबूड वाटली. तरी काम वाढत गेले, आणि १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्याकडे घेतले.

पुढील प्रश्न थकव्याचा. औषधोपचार चालू असता येणारा थकवा विलक्षण असतो, आणि थकलेल्याने निजावे हे वरवर बरोबरच दिसते. पण निजून राहिलेल्याचे स्नायू झिजतात, झिजलेल्या स्नायूंना थोडे कामही जड जाते, आणि माणूस आणखी थकतो. हे चक्र ओळखून ओहायो स्टेट विद्यापीठातील मॅकव्हिकर व विनिंगहॅम यांनी रसायनोपचार घेणाऱ्या ४५ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, एका जागी बसविलेली सायकल चालवावयास लावली. त्या स्त्रियांचा दम वाढला. हा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला, आणि तो परिचर्याशास्त्राच्या नियतकालिकात आला, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हाताच्या दंडकाची खरी परीक्षा १९९६ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे झाली. क्रीडावैद्य डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या २४ स्त्रियांना चिनी पद्धतीच्या लांबलचक ड्रॅगन-नावेत बसविले आणि हाती वल्ही दिली. त्यांची वये ३१ ते ६२ होती. आधी व्यायामशाळेत हळूहळू तयारी, मग पाण्यात सराव, असा क्रम ठेवला. कोणाचाही हात नव्याने सुजला नाही, आणि ज्यांचा सुजलेला होता त्यांचा बिघडला नाही. चोवीस जणींवरून सिद्धान्त मांडता येत नाही हे खरे. पण २००९ साली कॅथरिन श्मित्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हात आधीच सुजलेल्या १४१ स्त्रियांचे दोन गट पाडून वजने उचलण्याची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. वजन बेताबेताने वाढविणाऱ्या गटात सूज अधिक वाढली नाही, उलट ती उफाळण्याचे प्रकार कमी झाले. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने कर्करोगातून उठलेल्यांना सांगितले: निष्क्रिय राहू नका.

आता सर्वांत महत्त्वाचा पुरावा. तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व रसायनोपचार झालेले ८८९ रुग्ण मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांतून निवडले होते. व्यायामाचे महत्त्व सांगणारी पुस्तिका दोन्ही गटांना दिली; मात्र एका गटाला तीन वर्षे एक मार्गदर्शकही दिला. तो वेळोवेळी भेटे, विचारपूस करी, हुरूप देई. बहुतेकांना भरभर चालणेच पुरले. आठ वर्षांनी मार्गदर्शक लाभलेल्या गटात शंभरांपैकी सुमारे ९० जण हयात होते, नुसती पुस्तिका मिळालेल्या गटात सुमारे ८३. व्यायाम करणाऱ्यांत स्नायू-सांध्यांच्या दुखापती काहीशा अधिक झाल्या, हेही सांगितले पाहिजे. म्हणूनच आरंभ डॉक्टरांना विचारून आणि बेताने करावा.

या चाचणीचा इत्यर्थ आम्ही असा काढतो की, पुस्तिका दोघांच्याही हाती होती; फरक पडला तो सोबतीने. लॅसरबाई खाटेशी जाऊन बसत, व्हँकुव्हरच्या स्त्रिया एका नावेत बसल्या, आणि अलीकडील रुग्णांच्या पाठीशी मार्गदर्शक उभा राहिला. ही सोबत देण्यास मोठे रुग्णालय लागतेच असे नाही. ज्या घरात 'पडून राहा' असे आजवर मायेने सांगितले गेले, त्याच घरातील कोणी संध्याकाळी पायांत वहाणा घालून 'चल, मीही येतो' म्हणाला, तर ती माया अधिक उपयोगी पडेल. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेले तरी पुष्कळ झाले. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा निघाले पाहिजे.