इंग्रजी लोकमानस आणि प्राप्तिकर

इंग्रज मनुष्य स्वभावतःच स्वातंत्र्यप्रिय असल्यामुळे त्याला प्रत्यक्ष करांचा तिटकारा असतो, असे विधान एकोणिसाव्या शतकातील राजकीय लिखाणात वारंवार आढळते. माँतेस्क्यूने १७४८ साली जवळजवळ उलट प्रतिपादन केले होते : प्रजा जितकी स्वतंत्र, तितका अधिक कर तिच्यावर बसविता येतो. ही दोन्ही मते एकाच वेळी खरी ठरू शकतात. कारण इंग्रजांचा रोष कराच्या भारापेक्षा कर आकारण्याच्या रीतीवर अधिक होता.

१६६२ मध्ये इंग्लंडात चुलींवर कर बसला. चुली मोजावयाच्या म्हणजे घरात शिरणे आले, आणि तेच लोकांना असह्य झाले. राज्यक्रांतीनंतर १६८९ साली तो रद्द झाला. १६९६ मध्ये त्याची जागा खिडक्यांवरील कराने घेतली, कारण खिडक्या रस्त्यावरूनही मोजता येत. लोकांनी खिडक्या विटांनी बुजविल्या, अंधार पत्करला. तथापि हा कर १८५१ पर्यंत टिकला. अंमलदाराने उंबरठा ओलांडू नये, एवढी मर्यादा त्याने पाळली होती.

फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी पिटने १७९९ मध्ये प्राप्तिकर लागू केला, तेव्हा ही मर्यादा प्रथमच उघडपणे मोडली. वर्षाला ६० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नास सूट होती. २०० पौंडांवर दहा टक्के आकारणी होती. प्रत्येकाने आपले एकूण उत्पन्न स्वतः जाहीर करावयाचे होते. अपेक्षा एक कोटी पौंडांची होती. हाती आले सुमारे साठ लाख. १८०२ च्या तहानंतर कर रद्द झाला, पण पुढल्याच वर्षी युद्ध पुन्हा पेटले आणि अॅडिंग्टनने तो नव्या रूपात आणला. उत्पन्नाची पाच सदरे पाडून शक्य तेथे कर उगमाशीच कापून घेण्याची त्याची योजना होती. त्यामुळे एखाद्याचे सर्व उत्पन्न कोणा एका अधिकाऱ्यापुढे उघडे पडत नसे. ‘उत्पन्न’ हा शब्दही कायद्याच्या नावातून वगळण्यात आला! दर निम्मा होता, तरी वसुली फारशी घटली नाही. मानसिक अडचण ओळखून केलेली सुधारणा किती फलदायी ठरते, याचा हा बोलका पुरावा होय.

मात्र युद्ध संपताच तडजोडही संपली. १८१६ साली कॉमन्स सभेने २३८ विरुद्ध २०१ मतांनी कर रद्द केला आणि त्याचे कागदपत्र नष्ट करण्याचा ठराव केला. त्यांच्या प्रती अन्य सरकारी दप्तरात राहून गेल्या, हा अभ्यासकांचा भाग्ययोग.

१८४२ मध्ये तीच सभा पीलच्या प्राप्तिकरास अनुकूल झाली. राष्ट्राचा स्वभाव सव्वीस वर्षांत पालटला, असे मानण्याचे कारण नाही. तिजोरीत तूट होती, आयात जकाती कमी करावयाच्या होत्या, आणि १५० पौंडांखालील उत्पन्नास पूर्ण सूट होती. विशेष लक्षणीय तरतूद व्यापाऱ्यांविषयी होती. स्थानिक कमिशनर हे पुष्कळदा त्यांचेच शेजारी वा प्रतिस्पर्धी. म्हणून आकारणी लंडनच्या विशेष कमिशनरांकडून करून घेण्याची मुभा त्यांना देण्यात आली. सरकारला हिशेब कळला तरी चालेल, गावाला कळू नये, ही नवी वृत्ती या तरतुदीतून प्रकट होते. स्वातंत्र्याची जुनी भाषा तशीच राहिली. तिच्यामागचे भय मात्र जागा बदलून शेजाऱ्याकडे वळले होते.

हाच कर जेम्स विल्सनने १८६० मध्ये हिंदुस्थानात आणला. २०० ते ५०० रुपयांच्या उत्पन्नावर दोन टक्के व त्यावर चार टक्के असा दर होता, आणि समर्थनार्थ त्याने चक्क मनूचा आधार घेतला. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन याने या कराला उघड विरोध केला, तेव्हा त्याला परत बोलावण्यात आले. इंग्लंडात ज्या आक्षेपांना सभागृहात मतांचे बळ लाभले, ते येथे एका अधिकाऱ्याच्या टिपणापुरते उरले. प्रजेचे मत घेण्यास सभागृहच नव्हते. हा कर १८६५ मध्ये संपला, १८६९ मध्ये परतला, १८७३ मध्ये पुन्हा गेला. १८८६ च्या कायद्याने तो कायमचा बसला, तेव्हा शेतीचे उत्पन्न त्यातून वगळण्यात आले होते.