फुप्फुसाचा कर्करोग, सुरुवातीच्या टप्प्यातील : उपचारांची निवड आणि आजार उलटण्याचा धोका (वसई-विरार परिसर)

फुप्फुसातली कर्कगाठ छातीबाहेर पसरलेली नाही आणि शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने समूळ घालवता येईल, अशी अवस्था म्हणजे सुरुवातीचा टप्पा. टीएनएम वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीनुसार ४ सेंमीपर्यंतची, लसिकाग्रंथींपर्यंत न पोचलेली गाठ साधारणपणे पहिल्या टप्प्यात मोडते. ४ ते ७ सेंमीची गाठ, किंवा लहान असूनही त्याच फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींत शिरलेली गाठ दुसऱ्यात. या वर्गीकरणासाठी जगभरातून जमवलेल्या नोंदींत १ सेंमीच्या आतल्या गाठीचे ९२ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते, दुसऱ्या टप्प्याच्या वरच्या पायरीवर ५३ टक्के. त्यामुळे ‘लवकर सापडला’ एवढ्यावरून धोक्याचा अंदाज बांधता येत नाही. प्रस्तुत नोंद लघुपेशी प्रकार वगळून उरलेल्या, म्हणजे बहुसंख्य, फुप्फुस-कर्करोगांविषयी आहे.

वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. खोकला, थुंकीतून रक्त, दम अशा तक्रारींसाठी लोक आधी गल्लीतला दवाखाना, महापालिकेचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय किंवा बंगलीचे कार्डिनल ग्रेशस रुग्णालय गाठतात. कर्करोगाची शंका आली की बहुतेकांच्या तोंडी ‘टाटा’चे नाव येते. परळचे हे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. विरारपासून ते सुमारे ५० किमी आहे. जलद लोकल परळलगतच्या प्रभादेवी स्थानकात थांबत नसल्याने दादरला उतरून पुढे जावे लागते. दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णांना प्रवासाची मुभा आहे; गर्दीच्या वेळी त्या डब्यात चढता येणे हा वेगळा प्रश्न.

या भागात निदानाच्या वाटेत आडवा येतो तो क्षयरोग. एक्स-रेतला डाग दोन्ही आजारांत दिसतो, वजन दोन्हींत घटते, रक्तही दोन्हींत पडते. थुंकीत जंतू सापडलेले नसताना टीबीची औषधे सुरू करायची आणि डाग विरतो का ते पाहत महिने काढायचे, हा प्रकार भारतात जुना आहे. चाळिशी ओलांडलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या थुंकीतून रक्त येत असेल आणि जंतू सापडत नसतील, तर सीटी स्कॅन आणि सुईने घेतलेला तुकडा आधी, टीबीची औषधे नंतर, हा क्रम योग्य. धूम्रपान कधीच न केलेल्यांनाही हा रोग होतो आणि भारतात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे ‘विडी ओढत नाही’ हे उत्तर ऐकून शंका सोडून देता येत नाही.

क्षय दुसरा घोटाळा करतो तो टप्पा ठरवताना. पेट स्कॅनसाठी शिरेतून दिलेले साखरयुक्त किरणोत्सारी द्रव्य कर्कपेशींत साठते, तसेच टीबीच्या सुजेतही साठते. मग छातीच्या मध्यभागातल्या ग्रंथी पडद्यावर उजळतात आणि पहिल्या टप्प्याचा रुग्ण कागदोपत्री तिसऱ्या टप्प्यात जाऊन बसतो. श्वासनलिकेत दुर्बीण घालून, ध्वनिलहरींच्या साह्याने त्या ग्रंथीत सुई टोचून तपासणी केली की खरे काय ते कळते. तेवढ्याने न भागल्यास मानेखाली छोटा छेद देऊन ग्रंथीचा तुकडा काढतात. ही तपासणी न करता शस्त्रक्रिया नाकारू नये.

रुग्णाला शस्त्रक्रिया झेपेल का, हे श्वसनक्षमतेच्या चाचण्यांवर ठरते. त्यांतली एक अगदी साधी आहे : न थांबता जिने चढणे. सुमारे २२ मीटर उंची चढून जाणाऱ्याला सहसा पुढच्या महागड्या चाचण्यांची गरज पडत नाही.

उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. १९३३ साली अमेरिकेत एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी कर्करोगासाठी एका डॉक्टरचे अख्खे डावे फुप्फुस काढले. तो रुग्ण पुढे तीस वर्षे जगला. ग्रॅहॅम मात्र १९५७ साली फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले. १९९५ च्या एका अमेरिकी चाचणीनंतर पूर्ण खंड काढणे हा दंडक झाला, कारण त्याहून कमी काढल्यास रोग जागच्या जागी उलटण्याचे प्रमाण जास्त आढळले. २०२२ च्या जपानी चाचणीने २ सेंमीपर्यंतच्या, कडेच्या गाठींपुरता तो सैल केला. खंडाचा फक्त एक उपभाग काढलेल्यांत छातीत रोग उलटण्याचे प्रमाण १०.५ टक्के होते, पूर्ण खंड काढलेल्यांत ५.४; तरी पाच वर्षांनंतर हयात असलेले पहिल्या गटात ९४.३ टक्के आणि दुसऱ्यात ९१.१. शिल्लक राहिलेले फुप्फुस पुढच्या आजारपणात आणि पुढच्या उपचारांत उपयोगी पडत असावे, असा त्याचा एक अर्थ लावतात. रोग उलटणे आणि जीव जाणे या दोन गोष्टींची गल्लत करू नये, हे या आकड्यांवरून दिसते.

वय, हृदयविकार किंवा अपुरा श्वास यांमुळे शस्त्रक्रिया शक्य नसल्यास अचूक नेम धरून मोठ्या मात्रेचा किरणोपचार देतात. लोक त्याला ‘शेक’ म्हणतात. जुन्या पद्धतीत सहा आठवडे, सुमारे तीस वेळा जावे लागे. या पद्धतीत बहुधा तीन ते पाच बैठका पुरतात. नालासोपाऱ्याहून एका मुलाला खाडा करून वडिलांना आणावे लागत असेल, तर हा फरक वैद्यकीय फरकाइतकाच मोलाचा. गाठ मुख्य श्वासनलिकेजवळ असेल तर मात्र मात्रा जपून वाटून द्यावी लागते.

शस्त्रक्रियेनंतर आठवडा-दोन आठवड्यांनी हाती येणारा पॅथॉलॉजीचा अहवाल घरच्यांनी नीट जपावा. आजार उलटण्याचा अंदाज त्यातूनच बांधतात. गाठीचा आकार, ग्रंथी किती काढल्या आणि किती बाधित निघाल्या, कापलेली कड स्वच्छ आहे का, फुप्फुसाचे आवरण भेदले आहे का, रक्तवाहिन्यांत पेशी शिरल्या आहेत का, हवेच्या पोकळ्यांतून पेशी गाठीबाहेर विखुरल्या आहेत का, हे त्यात पाहायचे. ग्रंथिपेशीय कर्करोगात घट्ट किंवा सूक्ष्म-अंकुरी रचनेचा भाग २० टक्के वा अधिक असल्यास गाठ सर्वांत आक्रमक प्रतीची धरतात. त्यामुळे ३ सेंमीच्या दोन गाठींचे भवितव्य पुष्कळ वेगळे असू शकते.

दुसऱ्या टप्प्यापासून पुढे सिस्प्लॅटिनवर आधारित केमो देतात. २००८ च्या एकत्रित विश्लेषणात तिच्यामुळे पाच वर्षांच्या जीविततेत ५.४ टक्क्यांची भर पडली. अगदी लहान गाठींत मात्र फायदा दिसला नाही, उलट अपायाचीच शंका आली. म्हणून ‘केमो दिली नाही’ म्हणजे हयगय झाली, असे नव्हे. भारतातील ग्रंथिपेशीय कर्करोगांपैकी साधारण चौथा हिस्सा ते एकतृतीयांश गाठींत ईजीएफआर जनुकात बदल आढळतो. अशांना शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे ओसिमर्टिनिबची रोज एक गोळी दिल्यास पाच वर्षांनी ८८ टक्के हयात राहिले, न दिलेल्यांत ७८. एएलके बदल असल्यास अलेक्टिनिब. हे बदल नसलेल्या मोठ्या गाठींत शस्त्रक्रियेआधी केमोसोबत निव्होलुमॅबचे तीन डोस देण्याचा मार्ग २०२२ पासून खुला झाला. या मार्गाच्या चाचणीत २४ टक्के रुग्णांच्या काढलेल्या भागात जिवंत कर्कपेशी उरलीच नव्हती. तेव्हा जनुकचाचणी शस्त्रक्रियेआधीच, सुईच्या तुकड्यावर करून घेणे बरे.

अडचण पैशाची. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबवरील सीमाशुल्क माफ झाले, तरी तीन वर्षांचा खर्च सामान्य घराच्या आवाक्याबाहेर राहतो. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी सरकारी योजना शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचारासाठी आधार देते. शिधापत्रिका आणि आधारकार्ड पहिल्या भेटीलाच सोबत न्यावे.

आजार उलटला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत : त्याच बाजूच्या छातीत, किंवा मेंदू, हाडे, यकृत, अधिवृक्क ग्रंथी यांत. म्हणून या काळात दर सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा सीटी स्कॅन काढतात. नियमित स्कॅनने आयुष्य वाढते असे २०२२ च्या फ्रेंच चाचणीत सिद्ध झाले नाही. तरी जागच्या जागी उलटलेली लहान गाठ पुन्हा शेकता किंवा काढता येते, म्हणून प्रघात टिकून आहे. पाच वर्षांनंतर जुना रोग उलटण्यापेक्षा फुप्फुसात दुसरी, स्वतंत्र गाठ उद्भवण्याची चिंता मोठी असते. विडी चालू ठेवणाऱ्यांत ती आणखी वाढते.