हात टेकण्याची वेळ

पराभव मान्य करण्यासाठी मराठीत जे वाक्प्रचार आहेत ते जवळजवळ सगळे देहाशी बांधलेले आहेत. हात टेकणे, गुडघे टेकणे, मान तुकवणे, नांगी टाकणे, शेपूट घालणे. शेवटचे दोन तर माणसाला माणसाच्या पंक्तीतूनच उठवतात. 'दाती तृण धरणे' हा मात्र थोडा वेगळा. तोंडात गवताची काडी धरणारा शत्रूसमोर स्वतःला गाय म्हणवून घेतो, आणि गाय अवध्य असल्यामुळे त्याच्यावर शस्त्र उचलता येत नाही, असा त्यामागचा संकेत सांगितला जातो. यात अपमान आहेच, पण आणखीही काही आहे. ही खूण हरणाऱ्याने केलेली असली तरी ती जिंकणाऱ्याला बांधून टाकते. काडी दिसली की तलवार थांबली पाहिजे.

ही गोष्ट आम्हांला आठवली ती ब्राझिलियन जिउ-जित्सू या कुस्तीप्रकाराचा इतिहास वाचताना. या खेळातील प्रतिस्पर्ध्याचा कोपर, खांदा, घोटा किंवा गुडघा अशा पकडीत धरायचा असतो की आणखी थोडा जोर लावला तर सांधा निखळेल. पकडला गेलेला खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हाताने थापटतो. हात अडकले असतील तर पायाने थापटतो, नाहीतर तोंडाने सांगतो. तत्क्षणी पकड सुटते. सगळा खेळ या थापटण्याभोवती उभा आहे. ते केव्हा करावे, हा वरवर पाहता तंत्राचा प्रश्न आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील काही प्रसंग पाहिले की तो मानाचा, शिक्षणाचा आणि कथनाचाही प्रश्न असल्याचे ध्यानात येते.

आपल्या तांबड्या मातीतल्या कुस्तीत हा प्रश्न उद्भवत नाही. कोल्हापूरच्या खासबागेत मल्ल चीतपट झाला की निकाल लागला. पाठ मातीला लागली हे पंच पाहतो, हजारो प्रेक्षक पाहतात. हरणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. त्याची संमती लागत नाही, म्हणून त्याचा नकारही निरर्थक असतो. सांध्यांच्या पकडींत मात्र निकाल हरणाऱ्याच्या तोंडून यावा लागतो. एका अर्थाने तो आपल्या पराभवाचा लेखक असतो.

ही रीत ब्राझीलमध्ये जपानहून गेली. जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकानची स्थापना केली, तेव्हा जुन्या जुजुत्सू घराण्यांचे कितीतरी डाव त्यांच्यासमोर होते. त्यांतले बरेचसे जिवावर बेतणारे, आणि म्हणूनच पूर्ण ताकदीने सरावता न येणारे. जो डाव खराखुरा करून पाहता येत नाही तो ठराविक क्रमाने, दोघांनी आधी ठरवून, नाटकातल्या प्रवेशासारखा करायचा. यालाच 'काता' म्हणतात. कानोंनी भर दिला तो 'रान्दोरी'वर, म्हणजे मुक्त सरावावर. समोरचा खरोखर विरोध करतो आहे आणि आपणही खरोखर जोर लावतो आहोत, अशा सरावासाठी दोन गोष्टी अटळ होत्या: सुरक्षित पडता येणे आणि वेळेवर 'पुरे' म्हणता येणे. जपानीत हे 'पुरे' म्हणजे 'माइत्ता'. ज्या क्रियापदाचे हे भूतकाळी रूप आहे त्याचे अर्थ मोठे लक्षणीय आहेत. हरणे हा एक, पण नम्रपणे जाणे-येणे, देवस्थानाला जाणे हेही त्याच शब्दाचे अर्थ. आमच्या 'शेपूट घालण्या'पासून हे अंतर किती दूरचे आहे! थापटणे हा पराभवाचा शिक्का नव्हे. उद्या पुन्हा सराव करता यावा म्हणून केलेली ती सोय आहे. ज्या शाळेत ती नव्हती तिथे भयंकर डाव होते, पण ते कधी करून पाहिलेले नव्हते.

कोणत्या सांध्याला किती अवकाश आहे याचा विचार नियमांतही दिसतो. जपानात १८९९ साली स्पर्धांचे नियम बांधले गेले तेव्हा बोटे, मनगट व घोटा यांवरच्या पकडी वगळल्या गेल्या. १९१६ साली पायाच्या आणखी काही पकडी गेल्या. आणि १९२५ पर्यंत जुदोत कोपराखेरीज कुठल्याही सांध्याला हात लावण्याची परवानगी उरली नाही. यामागे केवळ मवाळपणा होता असे म्हणता येत नाही. कोपर सरळ करून उलटा दाबला की वेदना आधी येते, इजा मागून. दोहोंच्या मध्ये थापटण्याइतका वेळ मिळतो. खांदा पिरगळला तर हा वेळ कमी होतो. आणि टाच धरून पाय पिळला की गुडघ्यातले अस्थिबंध आधी फाटू शकतात, वेदनेची वर्दी मागाहून येते. म्हणजे 'दुखेपर्यंत थांबू' हे धोरण कोपराला कसेबसे चालते, गुडघ्याला मुळीच नाही. इथे सहनशक्तीचा काही उपयोग नसतो, ज्ञानाचा असतो. नवशिका वेदनेची वाट पाहतो. मुरलेला खेळाडू पकड बसली, निसटण्याची वाट बंद झाली, हे ओळखून वेदनेच्या आधीच थापटतो. प्रेक्षकाला मात्र हे उलटे दिसते. त्याला वाटते, नवशिका शूर आणि हा लवकर ढेपाळला.

जपानी मल्ल मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोचला आणि पुढे बेलें शहरात स्थिरावला. त्याच्याकडून ही विद्या कार्लोस ग्रेसीकडे आणि कार्लोसकडून त्याच्या भावांकडे आली, असा या परंपरेचा वंशवृक्ष सांगतात. धाकटा एलिओ (१९१३–२००९) शरीराने किरकोळ, पण आव्हाने देण्यात पुढे. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना संकुलात त्याची गाठ पडली मासाहिको किमुराशी. किमुरा तेव्हा चौतीस वर्षांचा, जपानचा अजिंक्य म्हणून गाजलेला, वजनाने एलिओपेक्षा पंधरा किलोहून अधिक भारी. एलिओ अडतीस वर्षांचा. ठोसे-लाथा वर्ज्य. पाडण्याला गुण नाहीत. एकाने हार मानावी किंवा शुद्ध हरपावी, हाच निकाल.

लढत दुसऱ्या फेरीत संपली. किमुराने एलिओचा हात पाठीमागे पिरगळला. ही पकड जुदोत 'ग्याकु उदे-गारामी' म्हणून ओळखली जाते. एलिओ थापटेना. किमुराने आणखी पिळले, तरीही नाही. अखेर कार्लोसने टॉवेल टाकला.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या प्रसंगाची कथने शेजारी ठेवून वाचावीत, ती अभ्यासाला उत्तम आहेत. किमुराने आपल्या आठवणी १९८५ साली, म्हणजे चौतीस वर्षांनी, पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. त्यांत हाड मोडल्याचा आवाज त्या विराट मैदानाच्या शांततेत ऐकू येतो. आत्मचरित्रकाराला आवाजाची ही जागा नेमकी सापडली आहे! शिवाय त्याने प्रतिस्पर्ध्याच्या मनोधैर्याची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. एलिओच्या बाजूचे कथन निराळे. त्यात वजनाचा फरक मोठा होतो, आणि इतक्या बलाढ्य माणसापुढे तग धरणे हाच विजय ठरतो. हाड मोडले, सांधा निखळला, की मोडण्याच्या बेतात असताना टॉवेल आला, हा तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. लढतीचे थोडे चित्रीकरण उपलब्ध आहे, पण त्यातून हातातले हाड दिसत नाही. न थापटलेला हात मात्र सगळ्या कथनांत कायम राहतो. दोन्ही पक्षांना तो हवा आहे. किमुराला, कारण त्यामुळे त्याने हरवलेला माणूस मोठा होतो. ग्रेसींना, कारण त्यामुळे हरलेला माणूस हरत नाही.

हरलेल्या घराण्याने ती पकड जिंकणाऱ्याच्या नावाने ओळखायला सुरुवात केली, आणि आज जगभर तिला 'किमुरा' म्हणतात. ही दिलदारी निर्विवाद आहे. पण दंतकथेच्या दुसऱ्या बाजूकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. एलिओने थापटले नाही हे सगळे सांगतात. कार्लोसने टॉवेल टाकला हे त्याच वाक्याच्या शेवटी उरकले जाते. वस्तुतः त्या संध्याकाळी हात टेकण्याची वेळ कोणी ओळखली असेल तर ती कार्लोसने. थापटण्याची क्रिया झालीच, फक्त ती दुसऱ्याच्या हातून झाली. धाकट्याचे शौर्य मोठ्या भावाच्या खर्चाने उभे राहिले. ज्याच्या कोपऱ्यात असा भाऊ नाही त्याने हे शौर्य कसे परवडवावे?

पुढच्या पिढीत हा प्रश्न पुन्हापुन्हा उभा राहिला. नोव्हेंबर १९९९ मध्ये जपानात काझुशी साकुराबाने एलिओचा मुलगा रॉयलर याला त्याच 'किमुरा'त धरले. तो थापटला नाही, पंचांनी लढत थांबवली, आणि घराण्याने निकालावर आक्षेप घेतला. आपण हरलो नाही, कारण आपण तसे म्हटलेले नाही, असा युक्तिवाद. तर्काच्या दृष्टीने तो अगदीच निराधार म्हणता येत नाही, कारण खेळाचे मूळ तत्त्वच ते आहे. २६ ऑगस्ट २००० रोजी साकुराबासमोर रेन्झो ग्रेसी आला, तीच पकड बसली आणि त्याचा कोपर निखळला. तोही थापटला नाही. मात्र लढतीनंतर त्याने प्रतिस्पर्ध्याचे श्रेष्ठत्व जाहीरपणे मान्य केले, कुठलीही सबब सांगितली नाही. हाताने नाकारलेले त्याने तोंडाने स्वीकारले. हा सगळ्या इतिहासातला आम्हांला सर्वांत हृद्य वाटलेला क्षण आहे, आणि सर्वांत कोड्यात टाकणाराही. कारण जे नंतर इतक्या सहजतेने म्हणता आले ते चार सेकंद आधी का म्हणता येऊ नये?

याला एक उत्तर २००४ च्या जागतिक स्पर्धेत मिळते, आणि ते गैरसोयीचे आहे. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत रॉजर ग्रेसीने रोनाल्डो सौझा ऊर्फ 'जाकारे' याचा हात मोडला. गुणांत पुढे असलेल्या जाकारेने हात पट्ट्यात खोचला, उरलेला वेळ काढला आणि तो जिंकला. न थापटणे कधीकधी फळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी, १९ जून २००४ रोजी, फ्रँक मीरने टिम सिल्व्हियाचा हात सरळ करून दाबला. पंच हर्ब डीन यांनी हाड मोडताना पाहिले आणि लढत थांबवली. सिल्व्हिया भांडत होता की मला काही झालेले नाही. प्रेक्षक हुर्यो करत होते. मोठ्या पडद्यावर दृश्य पुन्हा दाखवले तेव्हा सगळे गप्प झाले, आणि पुढे तपासणीत हाड मोडल्याचे सिद्ध झाले. आपला हात मोडला आहे हे खुद्द मोडलेल्याला कळू नये, ही बाब 'वेदना सांगेल तेव्हा थापटू' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

या सर्वांहून आम्हांला जवळचा वाटतो तो कराचीचा प्रसंग. १२ डिसेंबर १९७६ रोजी तिथल्या नॅशनल स्टेडियममध्ये जपानचा अंतोनिओ इनोकी आणि अक्रम पहिलवान यांची लढत झाली. अक्रम हा इमामबक्षचा मुलगा आणि थोरल्या गामाचा पुतण्या, म्हणजे आपल्याच मातीतल्या कुस्तीचा थेट वारस. इनोकीने त्याचा हात पकडीत घेऊन पिरगळला, आणि तो निखळला. अक्रमने हार मानली नाही. लढत थांबवावी लागली. ग्रेसींच्या न थापटण्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती बरोबर नाही. ग्रेसी थापटण्याच्या परंपरेत वाढले होते आणि त्यांनी ती खूण नाकारली. अक्रम ज्या आखाड्यात घडला तिथे पराभव पाठीला कळत असे. हाताने तो बोलून दाखवण्याची भाषा त्या परंपरेत घडलेलीच नव्हती. त्याची पाठ काही लागलेली नव्हती. मग तो हरला कसा? त्याच्या दृष्टीने हा प्रश्न रास्त होता, आणि तो प्रश्न पडेपर्यंत खांदा गेलेला होता.

आज ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या मुख्य आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत पकडीत सापडलेल्या खेळाडूच्या तोंडून वेदनेचा उद्गार निघाला तर तीच हार समजली जाते. मुद्दाम उच्चारलेला शब्द आणि अभावितपणे निघालेला आवाज यांत पंच भेद करत नाही. टाच पिळण्याची पकड ही संघटना कित्येक वर्षे अजिबात चालू देत नव्हती. २०२१ पासून ती परवानगी मिळाली, तीही झग्याशिवायच्या लढतीत आणि फक्त तपकिरी व काळ्या पट्ट्याच्या प्रौढांना. ज्यांना केव्हा थांबावे हे कळते असे गृहीत धरता येते, त्यांनाच तो डाव मोकळा.

पुण्या-मुंबईतही हल्ली हा खेळ शिकवणारे वर्ग आहेत. तिथे पहिल्याच दिवशी थापटायला शिकवतात, पकडी त्यानंतर. शब्द सरसकट 'टॅप' हाच वापरतात. टॅप कर, टॅप केलं, त्याने उशिरा टॅप केलं. 'हात टेकले' असे मात्र तिथे कोणी म्हणत नाही.