उताऱ्याखालच्या प्रश्नांचा मागोवा

इंग्रजीच्या पेपरात उतारा आला की पोरांची एक ठरलेली युक्ती असते. प्रश्नातला ठळक शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि तो ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य पूर्णविरामापर्यंत जसंच्या तसं उतरवून काढायचं. बरेचदा मार्क पडतात. उतारा कशाबद्दल होता असं विचारलं, तर मात्र पोरगं नुसतं हसतं.

ही युक्ती जुनी आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९१७ साली परिच्छेद वाचणाऱ्या शाळकरी मुलांच्या चुका तपासल्या, तेव्हा त्यालाही हेच आढळलं: एखादाच शब्द मुलाच्या डोक्यात ठाण मांडतो आणि बाकीचं वाक्य बाजूला पडतं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९१५ मध्ये, कॅन्ससच्या फ्रेडरिक केलीने मूकवाचनाची चाचणी काढली होती. उत्तर ठरलेलं, तपासणाऱ्याच्या मर्जीला वाव नाही, हजारो पेपर झटपट तपासून मोकळे. उताऱ्याखालच्या आजच्या प्रश्नांचं हे एक मूळ.

आपल्याकडचं मूळ याहून जुनं. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. न्यायमूर्ती रानडे त्याच तुकडीतले. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या पोसल्या. तिच्यात इंग्रजी म्हणजे डोळ्यांनी वाचायची आणि मराठीत आणायची गोष्ट. कानाचं काम फारसं नव्हतं.

याच काळात बोरघाटात वेगळीच इंग्रजी चढत होती. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग सुरू झाला. कर्जतहून खंडाळ्याकडे जाताना पळसदरीच्या पुढे त्यावर ठाकूरवाडी नावाचं ठिकाण आजही लागतं. तसं पाहिलं तर कर्जत-खालापुरात ठाकूरवाड्या कितीतरी; डोंगराच्या कुशीतली ठाकर आदिवासींची वस्ती म्हणजे ठाकूरवाडी. रेल्वेमागून खेड्यापाड्यांत जी इंग्रजी आली ती पुस्तकातून आली नाही. ठेसन, शिंगल, तिकीट हे शब्द माणसांनी ऐकले, आपल्या जिभेला मानवतील असे वळवले आणि कामाला लावले. परीक्षेने मात्र या ऐकीव ज्ञानाला कधी हिशेबात धरलं नाही.

वाचन आधी की ऐकणं-बोलणं आधी, हा वाद १९२०च्या दशकात ढाक्यात रंगला. तिथे शिक्षकांना घडवणाऱ्या मायकेल वेस्टने १९२६ च्या अहवालात व्यवहारी मुद्दा मांडला. बहुतेक मुलं शाळा अर्ध्यावर सोडतात. मग त्यांच्या पदरात काहीतरी कायमचं पडावं, तर ते वाचन. बोलणं सुटतं, वाचायला येत असेल तर पुस्तक उघडता येतं. वेस्टचा हेतू गरीब मुलाच्या भल्याचा होता. पण घरी ठाकरी बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि तिसऱ्या पायरीवर इंग्रजी अशा मुलाला कधीच न ऐकलेल्या भाषेचं छापील वाक्य हातात दिलं, तर त्याने त्यात काय ऐकायचं? 'लिव्ह' आणि 'लीव्ह' यांतला फरक कागदावर दिसतो, पण मराठी कानाला ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलायची सवय नाही. 'व्हॉट डिड यू' तीन शब्दांत छापलेलं असतं. बोलताना ते 'व्हॉडिजू' होतं आणि शब्द ओळखीचे असूनही मूल गोंधळतं.

२००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. आता शिकवणार कोण? ज्या गुरुजींची स्वतःची इंग्रजी पुस्तकी, त्यांच्याच तोंडून मुलांनी ती ऐकायची. इथे रेडिओ कामाला आला. निकाराग्वात १९७० च्या दशकात रेडिओवरून गणित शिकवण्याचा प्रयोग झाला होता आणि १९८० च्या दशकात केनियात इंग्रजीचा. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने त्याच वळणावर 'वुई लर्न इंग्लिश' हा कार्यक्रम तयार केला. पद्धत सोपी: रेडिओवरचा आवाज प्रश्न विचारतो आणि थांबतो, त्या मोकळ्या क्षणांत वर्ग उत्तर देतो, मग आवाज बरोबर उत्तर सांगतो. गुरुजी फक्त वर्ग जागेवर ठेवतात. मुलांना पहिल्यांदा अर्थासकट इंग्रजी ऐकायला मिळते.

परीक्षेचं काय? भाषेच्या शंभरपैकी वीस गुण शाळेच्या हातात असत आणि ऐकणं-बोलणं त्यातच. २०१९ च्या दहावीला हे तोंडीचे गुण काढले आणि निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. पुढच्याच वर्षी ८०-२० पुन्हा आलं. म्हणजे निकाल वर ढकलायला तोंडी परीक्षा हवी होती. मुलाला खरंच ऐकून कळतं का, याची चौकशी कुणी केली नाही.

चीनमध्ये ही चौकशी होते. १९८२ मध्ये तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीवर बीबीसीच्या 'फॉलो मी' मालिकेने घराघरांत इंग्रजी नेली. १९८७ पासून महाविद्यालयीन मुलांची इंग्रजी चाचणी सुरू झाली. तिच्यात आज ऐकण्याला ३५ टक्के आणि वाचनालाही ३५ टक्के गुण. मुलं रेडिओचे हेडफोन लावून प्रश्न ऐकतात. साहजिकच क्लासवाले कान तयार करून घेतात, कारण तिथे कानाचे मार्क वाचनाइतकेच पक्के. चिनी मुलालाही इंग्रजी शब्दाच्या शेवटची व्यंजनं जड जातात, पण परीक्षा त्याला रोज ऐकायला भाग पाडते.

शाळेत तेच शिकवलं जातं जे तपासायला स्वस्त पडतं. उतारा स्वस्त होता, म्हणून दीडशे वर्षं टिकला. ऐकण्याची साधनं आता तितकीच स्वस्त आहेत; एक स्पीकर आणि एका मोबाइलवर वर्ग चालतो. तेव्हा तपासणीला येणाऱ्या साहेबांनी वह्या बघायच्या आधी एक विचारावं: या आठवड्यात पोरांनी गुरुजींखेरीज कुणाची इंग्रजी ऐकली?