औट्रम साहेब, खंडू आणि वाघ

आमच्या तळोद्याच्या घराशेजारी एक म्हातारबाबा राहायचे. त्यांचा आजा भिल्ल पलटणीत शिपाई होता. पावसाळ्यात काम नसलं की ओसरीवर विडी ओढत ते आम्हा पोरांना साहेबाची गोष्ट सांगायचे. हा साहेब वाघाशी भिडला, दोघं डोंगरावरून गडगडत खाली आले, तेवढ्यात साहेबानं पिस्तूल काढून वाघाच्या डोक्यात गोळी घातली. रक्तबंबाळ साहेबाला बघून माणसं हळहळली, तर तोच हसला. हे सांगताना बाबा मनगट पुढे करून त्यावर नखांनी रेघोट्या ओढायचे आणि अहिराणीत म्हणायचे, "मांजरनं ओरबाडं शे ते, दुसरं काय!"

पुढे कळलं, ही गोष्ट औट्रमच्या इंग्रजी चरित्रातही आहे. निवडुंगानं भरलेल्या डोंगरउतारावर वाघ असल्याची खबर आणणारा भिल्ल खंडू तिथे नावानिशी येतो. साहेबाचं उत्तर भिल्लांच्या तोंडी म्हणीसारखं रुळलं, असंही चरित्रकार लिहितो.

जेम्स औट्रम 1803 साली इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये जन्मला. वडील इंजिनिअर होते, ते लवकर वारले. पोरगा सोळाव्या वर्षी कंपनीच्या फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आला आणि 1825 मध्ये, बावीस वर्षांचा असताना, त्याची खानदेशात नेमणूक झाली.

तेव्हाचा खानदेश उजाड होता. होळकरी धामधूम आणि 1803 च्या आगेमागे पडलेला दुष्काळ यांनी गावं ओस पडली. गावाची राखण करून हक्काचं धान्य घेणारे भिल्ल जागले डोंगरात शिरले आणि लुटीवर जगू लागले. 1818 मध्ये मुलूख इंग्रजांकडे आला. त्यांनी फौजा पाठवल्या, नाईक पकडले, फाशी दिले, तरी बंड मिटेना. मग गव्हर्नर एल्फिन्स्टननं धोरण बदललं: जमीन द्या, तगाई द्या, हक्क चालू करा आणि भिल्लांचीच पलटण उभी करा. त्यासाठी तीन भिल्ल एजन्सी झाल्या. नंदुरबार, सुलतानपूरचा आपला पट्टा वायव्य एजन्सीत आला. तिचं ठाणं तापीकाठच्या कुकरमुंड्याला होतं. ते गाव आता गुजरातेत आहे. पलटणीचं काम औट्रमकडे आलं. पुढे तिचं ठाणं धरणगावला झालं.

औट्रमनं सुरुवात गोडीगुलाबीनं केली नाही. मूठभर शिपाई घेऊन त्यानं भिल्लांच्या डोंगरातल्या तळावर रात्री छापा घातला आणि पकडलेल्यांच्या मार्फत बाकीच्यांशी बोलणी लावली. मग तो त्यांच्यात एकटा जाऊ लागला, शिकारीला, मेजवान्यांना. आधी भरती झाले फक्त नऊ जण. पलटण मालेगावच्या छावणीत आली तेव्हा औट्रमच्या जुन्या रेजिमेंटचे उच्च जातीचे शिपाई त्यांना हिणवतील अशी धास्ती होती. त्या शिपायांनी उलट पानसुपारी पुढे केली. ज्यांना गावाच्या वेशीत घेताना लोक कचरत, त्यांच्या हातावर विडा ठेवला गेला! मला वाटतं, पलटण उभी राहण्यात बंदुकीइतकाच त्या विड्याचाही वाटा होता.

औट्रम सुमारे दहा वर्षं खानदेशात राहिला. नंतर त्यानं अफगाणिस्तान पाहिलं, सिंधमध्ये नेपियरशी वाद घातला, 1857 मध्ये तो लखनौला लढला. 1863 मध्ये वारला तेव्हा त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं. इकडे त्याच्या जुन्या शिपायांना एक ओबडधोबड मूर्ती सापडली. साहेबासारखी दिसते म्हणून त्यांनी ती मांडली आणि पुजली, असंही चरित्रात आहे.

बाबा एवढं सांगून थांबत. पण भिल्लांची ही गोष्ट इथे थांबत नाही. सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक 1857 मध्ये इंग्रजांवर उठला. 11 एप्रिल 1858 ला सातपुड्यात अंबापाणीला लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूनं भिल्ल पलटणही होती. पकडलेल्या अनेकांना गोळ्या घातल्या, बायकापोरं कैदेत गेली. भिल्लांची उपासमार थांबावी म्हणून जी पलटण निघाली म्हणतात, तिनं भिल्लांवरच बंदूक रोखली.

म्हणून साहेबाला देव करणं मला जमत नाही आणि नुसता खलनायक करणंही. तो धीट होता, माणसांत मिसळणारा होता, आणि हे दोन्ही गुण त्यानं कंपनीच्या कामी लावले. त्याचा पुतळा कोलकात्यात आहे, चरित्र छापलेलं आहे. पहिल्या नऊ जणांची नावं मात्र आमच्याकडे कुणाच्या तोंडी नाहीत. खंडूचं नाव उरलं, तेही वाघामुळे. आता ही गोष्ट मी पोरांना सांगतो ती खंडूपासून सुरू करतो: वाघ कुठे बसलाय हे त्याला ठाऊक होतं, साहेबाला नव्हतं.