आठ ओळींची टीचर्स : एक स्वोपज्ञ भाष्य

मूळ आठ ओळी माझ्याच आहेत. एका शनिवारी रात्री शंभर पानी वहीत पेन्सिलीने लिहिलेल्या. ग्रंथकार आणि भाष्यकार एकच असला की त्या भाष्याला स्वोपज्ञ म्हणतात. ग्रंथकाराच्या मनात काय होतं याचा वाद अशा भाष्यात उरत नाही, असा समज आहे. तो खरा नाही. रविवारी सकाळी वही उघडली तेव्हा शनिवारच्या माणसाशी माझे बरेच मतभेद निघाले. ते जिथल्या तिथे नोंदवतो आहे.

१. टीचर्स हायलँड क्रीम. ब्लेंडेड स्कॉच व्हिस्की.

बाटलीवरून उतरवून घेतलेली ओळ. एकेक पद पाहू.

'टीचर्स' हे आडनाव आहे. विल्यम टीचर एकोणिसाव्या शतकात ग्लासगोमध्ये घोट-घोट दारू विकणारी दुकानं चालवायचा. दुकानात तंबाखू ओढायची नाही, एकाने दुसऱ्याला पाजायची नाही, झिंगला त्याला बाहेर काढायचं. आडनाव सार्थ होतं म्हणायचं. तो 1876 मध्ये वारला. 'हायलँड क्रीम' हे नाव 1884 मध्ये नोंदवलं गेलं, म्हणजे बापाची शिस्त मुलांनी लेबलावर आणली.

'क्रीम' इथे लक्षणेने घ्यायचं. साईसारखं वर आलेलं, उत्तम. दुधाचा थेंबही नाही. 'हायलँड' मात्र अगदीच हवेतलं नाही. या मिश्रणाचा कणा असलेली मॉल्ट व्हिस्की आर्डमोर नावाच्या भट्टीची. विल्यमचा मुलगा अ‍ॅडम याने ती 1898 मध्ये अ‍ॅबर्डीनशायरमधल्या केनेथमाँट या गावी बांधायला घेतली.

'ब्लेंडेड' हा शब्द चवीचा नाही, कायद्याचा आहे. 2009 च्या स्कॉच व्हिस्की नियमांत पाच वर्ग आहेत. त्यात ब्लेंडेड म्हणजे किमान एक सिंगल मॉल्ट आणि किमान एक सिंगल ग्रेन यांचं मिश्रण. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, तांब्याच्या हंड्यात घाण्याघाण्याने गाळलेली. ग्रेन म्हणजे मुख्यतः गव्हाची किंवा मक्याची, उंच स्तंभासारख्या यंत्रातून अखंड वाहत येणारी. त्या यंत्राचं पेटंट 1830 मध्ये ईनियस कॉफीने घेतलं. हा गृहस्थ आयर्लंडच्या अबकारी खात्यात होता. आयुष्यभर चोरट्या भट्ट्या फोडल्या आणि शेवटी सगळ्यांत मोठी भट्टी स्वतःच काढून दिली. 1860 च्या ब्रिटिश कायद्याने मॉल्ट आणि ग्रेन कर भरण्याआधी गोदामातच मिसळायची मुभा दिली, आणि आपण ज्याला सरसकट 'स्कॉच' म्हणतो ती वस्तू बाजारात आली.

येथे शंका अशी : माझी बाटली भारतात भरलेली आहे, तर ती स्कॉच कशी? समाधान : सिंगल मॉल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावी लागते, ब्लेंडेडला ते बंधन नाही. गाळणं आणि मुरवणं स्कॉटलंडमध्ये झालं म्हणजे पुरे. ती मोठ्या पिंपांतून जास्त तीव्रतेची येते आणि इथे पाणी घालून उतरवली जाते. म्हणजे ग्लासातला अर्क तिकडचा, पाण्याचा काही वाटा इकडचा.

२. 42.8 टक्के. वय दिलेलं नाही.

शनिवारी हा आकडा मी नुसता टिपला. रविवारी त्याच्याकडे पाहत बसलो, कारण तो विचित्र आहे. स्कॉचला किमान 40 टक्के अल्कोहोल लागतं आणि ब्रिटनमध्ये स्वस्त ब्लेंड बरोबर त्या रेषेवर उभे असतात. मग आपल्याकडे हे वरचे 2.8 कुठून आले?

उत्तर साहेबाच्या मोजपट्टीत आहे. जुन्या ब्रिटिश पद्धतीत 'प्रूफ' म्हणजे 51 अंश फॅरनहाइटला तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या 12/13 वजन भरणारा मद्यार्क. आजच्या हिशेबात तो 57.1 टक्के भरतो. त्याचे तीन चतुर्थांश घेतले की 42.8. भारतीय बाटल्यांवर '25 यू.पी.' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते हेच. प्रूफच्या पंचवीस अंश खाली. ब्रिटनने 1980 मध्ये हे गणित सोडून सरळ टक्केवारी धरली. आपल्या बाटल्यांवर ते अजून नांदतं आहे, आणि त्यापायी पुण्यातली टीचर्स ग्लासगोतल्या टीचर्सपेक्षा थोडी कडक आहे.

वयाबद्दल. वय लिहिलं तर ते मिश्रणातल्या सर्वांत तरुण थेंबाचं लिहावं लागतं, म्हणून स्वस्त ब्लेंड गप्प बसतात. तरी तीन वर्षं लाकडात काढल्याशिवाय स्कॉच म्हणताच येत नाही. ही अट पहिल्या महायुद्धातली. युद्धसामग्रीच्या कारखान्यांतलं पिणं आवरावं म्हणून 1915 मध्ये दोन वर्षं मुरवण्याची सक्ती आली, पुढच्या वर्षी ती तीनवर गेली. दारू कमी व्हावी म्हणून केलेल्या कायद्याने दारू सुधारली.

३. रंग कोऱ्या चहाचा. गुण नाहीत.

रंगाला गुण नाहीत हे बरोबरच. स्कॉचमध्ये पाण्याखेरीज एकच गोष्ट घालता येते, साधा कॅरॅमल रंग. म्हणजे जाळलेली साखर. घाण्यागणिक रंग सारखा दिसावा म्हणून तो घालतात. गडद म्हणजे जुनी, हा समज परमिट रूममध्ये सोडून यावा. पुढे चला.

४. नाकाला आधी झणका, मग केळं, मग बंब.

या ओळीतला शेवटचा शब्द माझा नाही. तो पुढे सांगतो.

झणका कशाने येतो? नाक ग्लासात खुपसल्याने. मद्यार्काची वाफ वास म्हणून कमी आणि चटका म्हणून जास्त जाणवते. मिरचीने पेटतो तोच चेताबिंदू त्यानेही पेटतो. ट्यूलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता ग्लास घ्यावा, ओतून पाच-दहा मिनिटं ठेवावा, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगावं. रुंद तोंडाच्या जाड ग्लासात वास टिकत नाही. आपल्याकडे नेमका तोच 'व्हिस्कीचा ग्लास' म्हणून आहेरात येतो.

केळं आंबवण्याच्या पिंपातून येतं. यीस्ट मद्यार्क करताना एस्टर नावाची संयुगंही करतं, आणि त्यातलं आयसोअमाइल अ‍ॅसिटेट म्हणजे साक्षात पिकल्या केळ्याचा वास. केळ्यामागे व्हॅनिलाची पुसट गोडी होती, ती शनिवारच्या माणसाने नोंदवलेली नाही. ती ओकच्या लाकडाची. अमेरिकेत बर्बनला दर वेळी नवंकोरं, आतून जाळलेलं पिंप लागतं. एकदा वापरलेली पिंपं स्वस्तात स्कॉटलंडला जातात.

आता बंब. मी आधी 'धूर' लिहिलं होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह. धूर कशाचा? चुलीचा म्हणावं तर त्यात लाकडाचा उग्रपणा असतो, होळीचा म्हणावं तर एरंड-गोवऱ्यांचा. रविवारी सकाळी बायकोने टेबलावरचा रिकामा ग्लास उचलला, हुंगला आणि म्हणाली, "अहो, हा तर आमच्या चिपळूणच्या बंबाचा वास. विझल्यावर येतो तो." मी ग्लास नाकाशी नेला. तांब्याचा बंब, ओल्या राखेचा गारवा, किंचित औषधी डांबरपण. प्रश्नचिन्ह खोडलं, आणि इथे व पुढच्या ओळीत 'धूर'च्या जागी 'बंब' लिहिलं.

तिला ठाऊक नव्हतं, पण तिने केलेली चाचणी जाणकारही करतात. ग्लास सुकताना हलकी संयुगं उडून जातात आणि धुराची जड फिनॉलं तळाशी राहतात. हा धूर पीटचा. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजत साचलेलं शेवाळ-गवत. त्याच्या विटा कापून, सुकवून जाळतात. आर्डमोरमध्ये जव वाळवताना हा धूर देण्याची रीत आहे, आणि मुख्य भूमीवरच्या भट्ट्यांत ती तुलनेने दुर्मीळ. आयलाच्या बेटावरच्या व्हिस्क्यांचा धूर अंगावर येतो. हा कोपऱ्यात उभा असतो. स्वस्त बाटलीत तो मुळात आहे, हीच टीचर्सची ओळख.

५. पाणी घातल्यावर बंब पुढे, केळं मागे.

पाणी किती? मिश्रण करणारे तज्ज्ञ व्हिस्की साधारण 20 टक्क्यांवर आणून हुंगतात, आणि बहुतेक काम नाकानेच उरकतात. दिवसाकाठी ढिगाने नमुने तपासायचे तर जिभेला ते झेपणार नाही. मी 30 मिलि व्हिस्कीत 34 मिलि पाणी घातलं, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून. झाकण आधी तीनदा धुवावं. माझ्या पहिल्या नमुन्यात ज्येष्ठमध आलं होतं.

पाण्याने नुसती तीव्रता उतरते, वास पुढे कसा येईल, असा पूर्वपक्ष संभवतो. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकावर हे तपासलं. धुराचा वास देणाऱ्या ग्वायाकॉल या रेणूला पाणी फारसं मानवत नाही. मद्यार्क जास्त असला की तो त्याच्या आश्रयाने आत बुडून राहतो. मिश्रण 45 टक्के किंवा त्याखाली आलं की पृष्ठभागाकडे, म्हणजे आपल्या नाकाकडे सरकतो. तेव्हा 'मी पाणी घालत नाही' ही शेखी मिरवणाऱ्याने निदान वासावर बोलू नये.

६. जिभेवर गोड, मध्ये पोकळ, शेवटी कडवट.

शनिवारच्या माणसाशी माझं भांडण आहे ते या ओळीवर. 'पोकळ' लिहून त्याने समासात 'ग्रेन!' असं उद्गारवाचक टिपलं आहे. यात जुना आरोप दडला आहे : मॉल्ट खरी, ग्रेन म्हणजे भरताड.

हा आरोप कोर्टात जाऊन आलेला आहे. 1905-06 मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागात, ग्रेन मिसळलेली दारू 'व्हिस्की' म्हणून विकल्याबद्दल विक्रेत्यांवर खटले झाले आणि ते दोषी ठरले. प्रकरण रॉयल कमिशनकडे गेलं. 1909 मध्ये कमिशनने निर्वाळा दिला की ग्रेनही व्हिस्की आणि मिश्रणही व्हिस्की.

कायद्याने सुटली म्हणून चवीने सुटली असं नाही, हे मान्य. पण स्तंभयंत्रातूनही स्कॉच 94.8 टक्क्यांच्या वर गाळता येत नाही, ते धान्याची चव शिल्लक राहावी म्हणूनच. ग्रेनचं काम पुरणपोळीतल्या पारीसारखं आहे. पारी चविष्ट लागत नाही म्हणून नुसतं पुरण तव्यावर टाकत नाहीत. पण पारी कच्ची राहिली तर दातांना कळते. इथे ती कच्ची राहिली आहे. पोकळपणा ग्रेनचा नसून ग्रेनच्या कोवळ्या वयाचा, असा माझा कयास. समासातलं उद्गारचिन्ह खोडलं, 'पोकळ' ठेवलं. कडवट शेवट लाकडाचा. त्याबद्दल तक्रार नाही.

७. सोड्यात पडली तरी मेली नाही.

वहीतली ही सर्वांत महत्त्वाची ओळ, आणि ती शनिवारी घाईत लिहिलेली दिसते. अक्षर उतरतं आहे.

स्वस्त ब्लेंडची परीक्षा नुसत्या घोटावर घेणं म्हणजे तबलजीला गायला लावणं. ही वस्तू सोड्यासाठीच वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, ब्रँडीचा तुटवडा पडला, आणि साहेबाच्या ग्लासात ब्रँडी-सोड्याच्या जागी व्हिस्की-सोडा आला. तेव्हा प्रश्न असा विचारायचा : एकास दोन सोडा, चार बर्फाचे खडे आणि शेजारी मसाला शेंगदाणे एवढं सोसून काय उरतं? पुष्कळ ब्लेंडांत गोड फेस उरतो. हिच्यात विझलेला बंब उरला. शेंगदाण्यांबरोबर तर तो अधिक कळला, कारण भाजल्याला भाजलेलं भेटलं.

८. शंभरात बासष्ट. पुन्हा घेईन.

बासष्टच का, एकसष्ट का नाही? उत्तर नाही. म्हणून रविवारी संध्याकाळी परीक्षकाचीच परीक्षा घेतली. तीन स्टीलच्या वाट्या : दोन सारख्या, एकीत तेवढ्याच किमतीचा दुसरा ब्लेंड. बायको माझ्यामागे ओतायची, मी वेगळी वाटी ओळखायची. या पद्धतीला त्रिकोण चाचणी म्हणतात. सहा वेळांत चार वेळा बरोबर आलो आणि मिशीवर ताव दिला. मग हिशेब मांडला. नुसत्या अंदाजाने वाटी उचलत गेलो असतो तरी सहांत चार किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता दहात एक निघते. म्हणजे माझं नाक बहुधा खरं बोलतं, शपथेवर नाही.

तेव्हा 'बासष्ट' खोडून 'साठीच्या आसपास' असं केलं आहे. 'पुन्हा घेईन' तसंच ठेवलं. नुसती प्यायची असेल तर दुसरी पाहा. सोड्याला या पैशांत मला हिच्याहून बरी मिळालेली नाही. बाटली अर्ध्याखाली गेली की आतल्या हवेने धूर मंदावतो, म्हणून माझी दिवाळीपर्यंत संपवायची आहे.