अश्रू येतात कुठून, जातात कुठे?

मंडळी, मी मधूनमधून डावा डोळा पुसतो आहे, त्याचा गैरसमज करून घेऊ नका. माझी अश्रुनलिका बंद झाली आहे. गेल्या वर्षी पत्नी गेली, तेव्हा भेटायला आलेली माणसं हा डोळा बघून माझं सांत्वन करत. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला रडूच येत नव्हतं. तेव्हापासून एक प्रश्न मागे लागला : अश्रू आणि दुःख यांचं नातं नेमकं काय?

प्रश्न जुनाच आहे. अश्रू मेंदूतून झिरपतात, ही समजूत युरोपात दीर्घकाळ होती. देकार्तने १६४९ सालच्या भावनांवरील ग्रंथात वेगळं मांडलं : डोळ्यांतून सतत वाफ निघते आणि दुःखात तिचं पाणी होतं. मांडणी सुबक, पण ती वाफ कुणी पाहिली नव्हती.

मग आला नील्स स्टेनसेन. मूळचा डेन्मार्कचा, हॉलंडमध्ये लायडनला शिकणारा तरुण. जनावरांची डोकी चिरताना त्याला वरच्या पापणीखाली, बाहेरच्या बाजूला असलेल्या ग्रंथीतून पापणीच्या आत उघडणाऱ्या बारीक नळ्या सापडल्या. १६६२ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. त्याचा निष्कर्ष साधा होता : हे पाणी डोळा ओला राहावा, पापणी सहज हलावी म्हणून आहे. रडताना तेच जास्त येतं.

आणि जातं कुठे? आरशात बघा. नाकाजवळ, दोन्ही पापण्यांच्या काठावर एकेक सूक्ष्म छिद्र दिसेल. पापणी बाहेरून नाकाकडे मिटत पाणी तिकडे लोटते. तिथून ते अश्रुपिशवीत आणि मग नाकात उतरतं. म्हणून तर रडताना नाक वाहतं! १६६६ साली हाइनरिख माइबोमने पापणीतल्या ग्रंथींचं वर्णन केलं. त्यांचं तेल पाण्यावर पसरतं, म्हणून ते लवकर सुकत नाही.

वाट बुजली, तर? फ्लॉरेन्सच्या तोतीने १९०४ साली हाडातून नाकात नवी वाट काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. पुढच्या महिन्यात माझी तीच, सुधारलेल्या रूपात, व्हायची आहे.

स्टेनसेनने दुःख खोटं ठरवलं नाही. अश्रू मुळात नजर जपण्यासाठी आहेत, एवढंच त्याने दाखवलं. म्हणून कोरड्या डोळ्यांच्या माणसाला निष्ठुर म्हणू नये. हे मी आधी स्वतःलाच सांगितलं. शस्त्रक्रियेनंतर मात्र हा डोळा भरलेला दिसला, तर जरूर जवळ या.